नदीचं मूळ विचारू नये, गाठीचं मात्र विचारावं

‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये,’ असं आपल्याकडे म्हणतात. ऋषींपुरतं आणि नद्यांपुरतं ते ठीक असेल. पण कॅन्सरच्या बाबतीत हा सल्ला पाळला, तर माणूस चुकीच्या औषधांवर जाऊ शकतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. गेल्या काही महिन्यांत घरातच बघितलं.

माझी मावशी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. नऊ वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग पाच वर्षं रोज एक गोळी. ती पाच वर्षं संपली तेव्हा तिने पेढे वाटले होते. गेल्या वर्षी गणपतीनंतर तिचा खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला, मग सीटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ दिसली. त्या संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज पडला : मावशीला लंग कॅन्सर.

पुढच्या दोन दिवसांत काय काय झालं ते तुम्हीही कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलं असेल. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘चुलीसमोर फार बसल्या का हो? मिश्री लावायच्या का?’ माझा मावसभाऊ रात्री दोन वाजता मोबाइलवर फुप्फुसाच्या कॅन्सरचे आकडे वाचत बसला आणि सकाळी कुणाशी बोलेना. मामांनी ओळखीतून फुप्फुसाच्या सर्जनचा नंबर मिळवला. सगळे धावत होते. पण एक प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नाही. गाठ फुप्फुसात आहे हे खरं, पण ती फुप्फुसाची आहे का?

‘फुप्फुसात’ आणि ‘फुप्फुसाची’. मराठीत फरक एका प्रत्ययाचा आहे. उपचारात तो अख्ख्या रस्त्याचा आहे.

कॅन्सर जिथे सुरू होतो त्या अवयवाचं नाव त्याला मिळतं. तिथल्या पेशी रक्तातून किंवा लसिकेतून दुसरीकडे गेल्या, तिथे वाढल्या, तरी नाव बदलत नाही. स्तनाचा कॅन्सर फुप्फुसात गेला तर तो फुप्फुसात पसरलेला स्तनाचा कॅन्सरच असतो. आतड्याचा कॅन्सर यकृतात गेला तर तो यकृताचा होत नाही. पहिल्या ठिकाणच्या गाठीला डॉक्टर ‘प्रायमरी’ म्हणतात आणि पसरलेल्या गाठीला ‘मेटॅस्टॅसिस’. औषध ठरतं ते गाठ कुठून आली यावर, ती कुठे सापडली यावर नाही.

मावशीच्या बाबतीत दोन शक्यता होत्या. एक, हा फुप्फुसातच सुरू झालेला नवा कॅन्सर आहे. तसं असेल आणि तो लवकर सापडला असेल, तर ऑपरेशन करून फुप्फुसाचा तेवढा भाग काढता येतो. दुसरी, जुना स्तनाचा कॅन्सर नऊ वर्षं गप्प बसून आता फुप्फुसात उगवला आहे. तसं असेल तर तो शरीरात आणखीही कुठे असू शकतो, म्हणून नुसती गाठ कापून भागत नाही. सगळ्या शरीराला पोचणारं औषध लागतं. स्कॅनवर दोन्ही गाठी सारख्याच दिसू शकतात. जुना कॅन्सर झालेल्या माणसाची नवी गाठ नेहमी जुन्याचीच असते, असंही नाही. म्हणून बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं.

इथून पुढची गोष्ट डॉक्टरांच्या केबिनमध्ये घडत नाही. ती घडते पॅथॉलॉजी लॅबमध्ये, जिथे नातेवाइकांना फक्त ‘रिपोर्ट आठ दिवसांनी’ एवढंच ऐकायला मिळतं. त्या आठ दिवसांत काय चालतं हे बघायला मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये गेले. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल अशा मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

आधी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. हा झाला ‘ब्लॉक’. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. हे काप कोमट पाण्यावर साय तरंगावी तसे तरंगतात आणि तिथून ते अलगद काचेवर घ्यावे लागतात. मी एक प्रयत्न केला. कापाचा चोळामोळा झाला. टेक्निशियन ताई हसल्या, म्हणाल्या, ‘सहा महिने लागतात हात बसायला.’

पहिला रंग असतो हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनचा. यातलं हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं आणि शंभराहून जास्त वर्षं जगभरच्या लॅबमध्ये वापरलं जातं. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं, बाकीचा भाग गुलाबी. एवढ्यावर अनुभवी डोळा ओळखतो की हा कॅन्सर आहे का आणि साधारण कुठल्या घराण्यातला आहे. पण खूपदा गाडी इथेच अडते. ग्रंथींसारखी रचना करणाऱ्या कॅन्सरला ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ म्हणतात. तो स्तनाचा असो, फुप्फुसाचा, जठराचा किंवा स्वादुपिंडाचा, गुलाबी-जांभळ्या काचेवर ही सगळी भावंडं एकमेकांसारखी दिसू शकतात.

या दिसण्याने मोठमोठ्या लोकांना चकवलं आहे. १८९६ मध्ये फ्रीडरिश क्रुकेनबर्ग या तरुण जर्मन डॉक्टरने बीजांडकोशातल्या काही गाठींचं वर्णन केलं आणि हा तिथेच उगवणारा नव्या प्रकारचा कॅन्सर आहे असं मांडलं. पुढे काही वर्षांतच लक्षात आलं की या गाठी बहुतेकदा जठरातून किंवा पचनमार्गातून दुसऱ्या भागातून आलेल्या असतात. आजही त्यांना ‘क्रुकेनबर्ग ट्यूमर’च म्हणतात. नाव लागलं ते सापडल्या जागेवरून केलेल्या अंदाजामुळे, मूळ निघालं भलतंच. आमच्या फॅमिली ग्रुपने केलेली चूक काही नवी नव्हती.

मग मूळ ओळखायचं कसं? इथे कामाला येते ‘इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री’. लॅबमधले सगळे तिला आयएचसी म्हणतात, आपणही तेच म्हणू. कल्पना साधी आहे. प्रत्येक अवयवाच्या पेशी काही ठरावीक प्रथिनं बनवतात. पेशी कॅन्सरची झाली, गाव सोडून दुसरीकडे गेली, तरी यातली काही प्रथिनं ती बनवतच राहते. ‘माणूस मुंबईत राहायला गेला म्हणून आडनाव बदलत नाही ना,’ मॅडम म्हणाल्या, ‘तसंच.’

हे आडनाव वाचायला अँटिबॉडी वापरतात. कोरोनाच्या काळात हा शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी होता. अँटिबॉडी एका विशिष्ट प्रथिनाला ओळखते आणि त्यालाच जाऊन चिकटते. कापावर अँटिबॉडी टाकायची, न चिकटलेली धुऊन काढायची आणि चिकटलेल्या ठिकाणी रंग उठेल अशी रासायनिक प्रक्रिया करायची. प्रथिन असेल तर तपकिरी रंग येतो. नसेल तर पेशी निळसरच राहते. बस्स. फुप्फुसाचं आडनाव आहे का? हो किंवा नाही.

ही युक्ती एका दिवसात आली नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला. योगायोग असा की त्याच वर्षी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझर मिलस्टाइन यांनी हवी ती एकच अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची पद्धत शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फॉर्मॅलिनमुळे प्रथिनं जखडून जातात आणि अँटिबॉडीला सापडत नाहीत, ही अडचण मात्र उरली होती. १९९१ मध्ये दिसून आलं की काप द्रावणात चांगला तापवला तर ती पुन्हा मोकळी होतात. त्यासाठी आजही कित्येक लॅबमध्ये चक्क प्रेशर कुकर वापरतात. मी गेले तेव्हा कुकर चालूच होता. आत भात नव्हता, कुणाच्या तरी आयुष्याचा निकाल शिजत होता.

काही आडनावं सांगते. टीटीएफ-१ हे प्रथिन फुप्फुस आणि थायरॉइडच्या पेशींत असतं. सीडीएक्स-२ आतड्याकडे बोट दाखवतं. पॅक्स-८ किडनी, बीजांडकोश किंवा थायरॉइडकडे. गाटा-३ स्तनाकडे किंवा मूत्राशयाकडे. पीएसए प्रोस्टेटकडे. सीके-७ आणि सीके-२० ही जोडी तर आधी दिशाच सांगते. सीके-७ नाही आणि सीके-२० आहे, तर मोठ्या आतड्याचा संशय. उलटं असेल तर फुप्फुस, स्तन असे पर्याय समोर येतात. नुसत्या एका खुणेवर कुणी निकाल देत नाही. गाटा-३ दोन घरांत सापडतं हे वर आलंच. शिवाय फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमापैकी काहींत टीटीएफ-१ येतच नाही. म्हणून चार-सहा खुणांचा संच लावतात, सोबत स्कॅन बघतात आणि पेशंटचा इतिहास विचारतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आमच्या आईवडिलांच्या वयाच्या लोकांचं, आम्हाला काय? तर युवराज सिंगला आठवा. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच्या आजाराची बातमी आली तेव्हा कित्येकांनी ‘फुप्फुसाचा कॅन्सर’ असंच म्हटलं. प्रत्यक्षात ती दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेतली ‘सेमिनोमा’ म्हणजे जर्म सेल प्रकारची गाठ होती. हा प्रकार तरुण पुरुषांत दिसतो. बहुतेकदा तो वृषणात सुरू होतो, क्वचित छातीत. केमोथेरपीला तो इतकी चांगली दाद देतो की पसरल्यानंतरही पुष्कळ जण पूर्ण बरे होतात. युवराज त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा भारताकडून खेळला. लिम्फोमाचंही तसंच. मानेत किंवा छातीत गाठ घेऊन आलेल्या विशीतल्या मुलाला तो लिम्फोमा आहे, जर्म सेल आहे की आणखी काही, हे नीट कळणं म्हणजे बरं होण्याचा रस्ता सापडणं. आणि हे ओळखण्यात आयएचसीचा वाटा मोठा असतो.

परत मावशीकडे येते. पहिली बायोप्सी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं. तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये घालून बाटली आमच्या हातात दिली गेली. मावसभाऊ ती घेऊन एसटीने पुण्याला आला. आम्हाला काय माहीत, दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. सलाइनमध्ये पेशी टिकत नाहीत, सडायला लागतात. लॅबने प्रयत्न केला, पण रंग धड उमटला नाही. सोबतच्या फॉर्मवर नऊ वर्षांपूर्वीच्या कॅन्सरचा उल्लेखही नव्हता. बायोप्सी पुन्हा करावी लागली. छातीत पुन्हा सुई, पुन्हा खर्च आणि मधले तीन आठवडे वाया. त्या तीन आठवड्यांत मावशीचं वजन चार किलोने उतरलं. कॅन्सरमुळे की काळजीमुळे, कोण सांगणार.

दुसऱ्या वेळी एक गोष्ट मात्र कामाला आली. मॅडमनी विचारलं, ‘जुना ब्लॉक आहे का?’ आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मावशी फोनवर म्हणाली, ‘ते मेणाचं चौकोनी का? आहे की. एलआयसीच्या कागदांबरोबर डब्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणाले होते टाकू नका.’ सातवी शिकलेल्या माझ्या मावशीने नऊ वर्षं तो जपला होता. मेणातला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. जुन्या आणि नव्या दोन्ही तुकड्यांचे काप शेजारी-शेजारी लावले.

मी त्या मायक्रोस्कोपमधून बघितलं ते हे. टीटीएफ-१ : निळं, काही नाही. गाटा-३ : केंद्रकं तपकिरी, अगदी उन्हात वाळत घातलेल्या मोहरीसारखी. ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनला प्रतिसाद देणारं प्रथिन : तपकिरी. जुन्या तुकड्यातही हेच.

गाठ फुप्फुसात होती. स्तनाची होती.

ही आनंदाची बातमी नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. पसरलेला कॅन्सर सहसा मुळातून जात नाही. पण ईआर असल्यामुळे हार्मोनविरोधी गोळ्या सुरू करता आल्या. छाती उघडायची गरज पडली नाही. या प्रकारात योग्य औषधावर माणसं वर्षानुवर्षं बरी राहू शकतात. मावशीला मी समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे जुनाच आहे ना? मग बघते त्याच्याकडे.’ चुलीचा आणि मिश्रीचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

आयएचसी म्हणजे जादू नव्हे, हेही त्याच टेबलावर शिकले. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे, घशाचे, फुप्फुसाचे बरेच कॅन्सर ‘स्क्वॅमस’ प्रकारचे असतात. ते एकदा दुसरीकडे गेले की कुठून आले हे रंगांवरून सांगणं फार कठीण जातं. सगळ्या तपासण्या करूनही काही पेशंटमध्ये मूळ सापडतच नाही. मॅडम म्हणाल्या, ‘आम्हाला जे दिसतं तेवढंच आम्ही लिहितो. दिसत नाही ते लिहिण्याचा मोह आवरणं हा नोकरीचा अवघड भाग.’ पत्रकारितेच्या विद्यार्थिनीने हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

तर आमचं म्हणणं काय? तीन गोष्टी.

पहिली, हॉस्पिटलांसाठी. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच जाईल आणि फॉर्मवर पेशंटचा जुना इतिहास लिहिलेला असेल, याला फार पैसे लागत नाहीत. शिस्त लागते. लाखोंचं मशीन पुण्या-मुंबईत आणि बाटलीतलं पाणी चुकीचं, असं असेल तर त्या मशीनचा उपयोग शून्य. तालुक्याच्या पातळीवर बायोप्सी होत असतील, तर ती करणाऱ्या प्रत्येक खोलीत फॉर्मॅलिनची लेबल लावलेली बाटली असलीच पाहिजे. आयएचसीची सोय जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला वेळ लागेल, हे मान्य. बाटलीला कशाला लागावा?

दुसरी, आपल्यासाठी. घरात रिपोर्ट वाचणारे, गुगल करणारे, फाइल घेऊन धावणारे आपणच असतो. मग काही गोष्टी पाठच करून टाका. तुकडा नेताना विचारा : ‘हे फॉर्मॅलिनच आहे ना?’ रिपोर्टमध्ये कॅन्सर आला तर विचारा : ‘हा इथलाच आहे की दुसरीकडून आलाय? आयएचसी करायची का?’ घरात आधी कुणाला कुठलाही कॅन्सर झाला असेल, अगदी वीस वर्षांपूर्वी, तर तो न विचारता सांगा. लॅबमधून ब्लॉक मागून घ्या. तो सहसा अर्ज करून, सही करून मिळतो. घरी सुरक्षित जागी ठेवा, एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नको, मेण आहे ते. आणि या सगळ्याचा निकाल येईपर्यंत ग्रुपवर आजाराला नाव देऊ नका. ‘गाठ सापडली आहे, तपासणी चालू आहे’ एवढा मेसेज पुरतो.

तिसरी, करिअरच्या चौकात उभे असलेल्यांसाठी. टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांची सुरुवातीची घडी बसवणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर पॅथॉलॉजिस्ट होते, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आज मेडिकलला गेलेल्या मित्रांना विचारलं तर सर्जन, कार्डिओ, स्किन अशी उत्तरं येतात. पॅथॉलॉजी ‘नाहीच मिळालं काही तर’ या यादीत असते. लॅब टेक्निशियनचा कोर्स तर बीएस्सीवाल्यांच्या डोक्यातही नसतो. पेशंट या लोकांना कधी भेटत नाही, त्यांना पेढे कुणी नेऊन देत नाही. पण मावशीचं औषध ठरलं ते त्यांच्या काचेवर.

मागच्या महिन्यात मावशीचा स्कॅन झाला. गाठ थोडी लहान झाली आहे. ती पुण्याला आली तेव्हा मी तिला लॅबमध्ये घेऊन गेले. मॅडमनी तिलाही मायक्रोस्कोपमधून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून बसली होती. मग निघताना पिशवीतून घरच्या शेंगांच्या लाडवांचा डबा काढला आणि त्या कापवाल्या ताईंच्या हातात दिला.

जुना ब्लॉक आणि नवा ब्लॉक, दोन्ही तिने परत मागून घेतले. आता डब्यात दोन आहेत.